‘पर्मनंटली’आधीचे तीन प्रश्न

“‘कायमचा’ हा शब्द जो पटकन बोलतो ना, त्याच्या तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं,” असं टायपिस्टबाई एकदा झेरॉक्सवाल्याला म्हणाली होती. झेरॉक्सवाला तेव्हा नुसता हसला. त्याच्या मते बाईला जगात सरळ असं काही दिसतच नव्हतं. उद्या खुद्द सूर्य टेबलापाशी आला असता तरी तिने त्याला विचारलं असतं, रात्रभर कुठे होतास आणि पुरावा काय.

वसाहत कार्यालयाचा जिना जिथे उतरत उतरत माणसाच्या डोक्याला लागेल इतका खाली येतो, तिथे तिचं टेबल होतं. टेबलावर टाइपरायटर, कार्बनची वही, पाण्याची बाटली आणि पुठ्ठा सुटलेला शब्दकोश. सव्वीस वर्षं लोकांची पावलं तिच्या डोक्यावरून चढली आणि उतरली. काम झालेल्याचं पाऊल आणि काम न झालेल्याचं पाऊल तिला न बघता कळायचं. शेजारी, जिथे जिना थोडा उंच होता, तिथे झेरॉक्सवाल्याचं मशीन गुरगुरत असे.

वसाहतीतल्या सगळ्या खोल्या कार्यालयाच्या मालकीच्या. प्रत्येक खोलीला मोठ्या नोंदवहीत एक पान, आणि एका पानावर नावं चार. पाचवं चढवायचं तर चारातलं एक खाली यायला हवं. माणूस मेला असेल तर दाखला आणा. गेला असेल तर निवेदन आणा, की अमुक माणूस अमुक तारखेला ही खोली ‘पर्मनंटली’ सोडून गेला आहे. मसुदा कुठल्या तरी जुन्या साहेबाने इंग्रजीत करून ठेवला होता आणि तो बदलायचा कंटाळा पुढच्या सगळ्या साहेबांनी इमानेइतबारे केला. त्यामुळे लोक जिना चढण्याआधी बाईकडे येत.

आणि बाई त्यांना सहजी सोडत नसे. प्रश्न आधी, शब्द नंतर, हा तिचा नियम. प्रश्न तीन होते. जाताना काय म्हणाला? पायात काय घालून गेला? आणि त्याच्या अंथरुणाचं काय केलंत? कार्यालयात तिला मागून सगळे उलटतपासणी म्हणत.

“माझा भाऊ परदेशी गेला. पर्मनंटली,” एकदा एक गलेलठ्ठ माणूस खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

“जाताना काय म्हणाला?”

“काय म्हणणार? येतो म्हणाला.”

“मग येऊ द्या की.”

“अहो बाई, येतो असं सगळेच म्हणतात. जातो असं कोण म्हणतं?”

“म्हणूनच तर विचारते. पायात काय होतं?”

“मी काय त्याचे पाय धुवायला होतो?”

त्याचा हात सारखा शर्टाच्या एकाच बटणाशी चाळा करत होता. बाईने कागद यंत्रातून काढला आणि त्याच्या हातात कोराच ठेवला. तो शिव्या घालत रस्त्यापलीकडच्या टायपिस्टकडे गेला.

दुसऱ्या एका म्हातारीला तिचा मुलगा घेऊन आला होता. म्हातारीचा नवरा सहा वर्षांपूर्वी दिवे लागायच्या वेळी बाहेर पडला होता, पायात नवे जोडे, तोंडातून शब्द नाही. तिने तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. अंथरुणाचं काय केलंत, तर म्हणे दर महिन्याला उन्हात घालते. मग बाई टाइप करायला लागली, तेव्हा म्हातारीने आपला सुरकुतलेला हात तिच्या बोटांवर ठेवला. “दुसरा शब्द घाल गं बाई. याच्याहून जरा कमी असलेला.” बाईने ‘सध्या’ या अर्थाचा शब्द घातला. वरून कागद परत आला. बाईने पुन्हा तोच शब्द घालून पाठवला.

शब्दकोशात पर्मनंटलीचा अर्थ एका ओळीत संपत होता. पण शब्दाचा वापर बाई जिन्याखाली शिकली. आपला ‘कायमचा’ निदान समोरच्या माणसाकडे बघून बदलतो, गेलेल्यासाठी कायमचा होतो, गेलेलीसाठी कायमची. हा इंग्रजी शब्द कुणासाठी मान वळवत नाही. नळ पर्मनंटली बंद, दार पर्मनंटली बंद, बाप पर्मनंटली गेलेला, सगळ्यांना तेच माप. आणि तिने आणखी एक पाहिलं होतं. ज्याचं माणूस खरंच गेलेलं असतं त्याच्या तोंडून हा शब्द निघत नाही. ज्याला कुणाला घालवायचं असतं त्याच्या जिभेवर मात्र तो आधीच येऊन बसलेला असतो.

असं सगळं ओळखणाऱ्या या बाईने एक चूक केली. पन्नाशीनंतर तिची बोटं संध्याकाळी आखडू लागली. एकच मसुदा पुन्हा पुन्हा टाइप करायचा, तर सवडीने करून ठेवावा, म्हणून तिने पंचवीस निवेदनं आधीच टाइप केली. नाव आणि तारखेची जागा तेवढी कोरी. शब्द आपल्या जागी छापून तयार. मनाची समजूत अशी घातली, की प्रश्न तर विचारल्याशिवाय द्यायचीच नाही. गठ्ठा खणात, रिबनच्या डब्याखाली ठेवला.

पुढे दुसऱ्या गावी तिची मावशी पडली आणि कमरेचं हाड मोडलं. मावशीला मूलबाळ नाही. बाईलाही सासर नव्हतं, कधीच नव्हतं. ती धाकटा भाऊ, भावजय आणि पुतण्या यांच्याबरोबर वडिलांच्या वेळच्या खोलीत राहत होती. नोंदवहीत पहिलं नाव तिचंच. म्हणून जायचं ते तिनेच. खणाची किल्ली तिने झेरॉक्सवाल्याला दिली. “अगदीच कुणाची नड असली तर एखादं दे. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय नाही.”

“बाई, मी काय नवखा आहे?”

सकाळी निघताना ती दारातून रोजच्यासारखं म्हणाली, “येते.” भाऊ आतून रोजच्यासारखा म्हणाला, “ये.”

आठ महिने गेले. मावशी काठी घेऊन चालू लागली. “इथेच राहा गं,” मावशी म्हणाली, “दोन म्हाताऱ्या एकमेकींवर संशय घेत सुखाने राहू.” बाई हसली. तिलाही निघताना “येते” म्हणाली. जिभेला तेवढंच वळण होतं.

ती दुपारी घरी पोचली. दार नव्या सुनेने उघडलं. पुतण्याचं लग्न तीन महिन्यांपूर्वी घाईत उरकलं होतं. मावशीला सोडून बाईला येता आलं नव्हतं. सून गोरीमोरी झाली, मग वाकून तिची पिशवी घेतली. भावजय स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून हात पुसत आली आणि वाजवीपेक्षा दोन शब्द जास्त बोलली.

“अगंबाई, वन्सं! कळवायचं तरी. पोरगा आला असता घ्यायला. किती वाळलात हो! बसा, बसा ना, अशा उभ्या काय?”

‘बसा’ हे पाहुण्याला म्हणतात. बाईने ते ऐकलं आणि मनात बाजूला ठेवलं. मग तिचे डोळे कामाला लागले. दाराशी चपलांची चार खणांची फळी होती. वरच्या खणात तिच्या घरातल्या रबरी चपला असायच्या. तिथे सुनेच्या होत्या. भिंतीवरच्या तिच्या खिळ्यावर तिचा कप नव्हता, दुसराच होता, फुलाफुलांचा. तिचा कप वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, कान भिंतीकडे करून बसलेला.

“माझं अंथरूण कुठे आहे?” तिने विचारलं.

“ते होय... माळ्यावर टाकलंय. जागा नको का व्हायला? तुम्ही नव्हता म्हणून हो. काढते ना आता.”

“आणि चपला?”

“फाटल्या होत्या की त्या, वन्सं.”

फाटल्या नव्हत्या. बाई भिंतीला टेकून बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींची उत्तरं वाईट आली आहेत. तिसरा तिने स्वतःलाच विचारला. जाताना काय म्हणाली होतीस? येते म्हणाले होते. तेवढा एक आधार तिने घट्ट धरला.

भाऊ संध्याकाळी आला. ताईला बघून त्याला आनंद झाला, आणि तो खरा होता, हेच तिला जास्त खुपलं. आनंद झाल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने भांड्यांकडे पाहिलं.

“राहणार ना आता?” भाऊ म्हणाला.

“म्हणजे? कुठे जाणार आहे?”

“नाही, तसं नाही. आपलं विचारलं.”

तिचं अंथरूण शेवटी सुनेने माळ्यावरून काढलं. “आत्याबाई, कुठे घालू?” तिने विचारलं. त्या पोरीला खरंच माहीत नव्हतं, ते कुठे असायचं. बाईने खिडकीखालची जागा दाखवली. तिथे शिवणयंत्र होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सवाल्याने तिला पाहिलं आणि मशीनचं झाकण उघडून उगाच आत डोकं घातलं.

“काय रे, काय हरवलंय?”

“काही नाही, बाई. कागद अडकला.”

“मशीन बंद आहे.”

त्याने डोकं बाहेर काढलं. बाईने खण उघडला, रिबनचा डबा उचलला आणि गठ्ठा मोजला. बावीस. “तीन कुणाला दिलीस?”

“एक त्या कोपऱ्यावरच्या शिक्षकाला. विचारलं त्याला, आईशप्पत, तिन्ही प्रश्न विचारले. एक त्या नर्सबाईला.”

“तिसरं?”

झेरॉक्सवाला वर जिन्याकडे बघू लागला.

“तिसरं कुणाला दिलंस, ते विचारतेय मी.”

“तुमच्या भावाला,” तो म्हणाला. “ते म्हणाले, ताईंनीच सांगितलंय. आता तुमच्या भावाला मी काय विचारू, बाई? तुमचाच भाऊ! पायात काय घालून गेली, असं विचारू?”

बाईने खण लावून घेतला. जिना चढली. सव्वीस वर्षांत ती फार तर दहादा वर गेली असेल. चढताना तिला आपलं टेबल पायाखाली आहे असं वाटत होतं, आणि खाली कुणी तरी बसून आपली पावलं ओळखत आहे असंही.

नोंदवहीच्या कारकुनाने पान काढलं. तिच्या नावावर तांबड्या शाईची सरळ रेघ होती. खाली पाचव्या ओळीत नव्या सुनेचं नाव पेन्सिलीने, अजून शाई व्हायची होती. आणि पानाला टाचलेलं निवेदन. ते वाचायची तिला गरज नव्हती. तिच्या यंत्राचं एक अक्षर ओळीच्या केसभर खाली पडायचं. ‘पर्मनंटली’चं पहिलंच अक्षर ते. कितीदा दुरुस्त करून घेतलं तरी तो शब्द तिच्याकडे नेहमी पहिल्या पायरीलाच अडखळायचा. इथेही तो तसाच अडखळला होता. वर कोऱ्या जागेत भावाच्या अक्षरात तिचं नाव. तारीख ती गेली त्या दिवसाची, ‘येते’ म्हणाली त्या दिवसाची.

“हरकत घ्यायची मुदत परवा पाचपर्यंत,” कारकून म्हणाला. “साहेब दोघांना समोर बोलावतील. पण बाई, तुम्हाला नियम ठाऊकच आहे. निवेदन खोटं ठरलं तर सही करणाऱ्याचं नाव जातं. त्याच्यामागून आलेल्यांचंही.”

“म्हणजे भाऊ, भावजय, पुतण्या.”

“आणि ही पेन्सिलवाली तर आलीच नाही अजून. त्याने आपण होऊन चूक झाली म्हणून सांगितलं तर मात्र साहेब समज देऊन सोडतात. तुमचं नाव परत चढेल. पेन्सिल तेवढी पुसायची.”

त्या संध्याकाळी तिने भावाला पुढ्यात बसवलं. जेवणं व्हायची होती. भावजय शिवणयंत्रावर सुईत दोरा ओवत होती. दोरा कधीचाच ओवून झाला होता.

“का केलंस?”

“ताई, तुला कोण जा म्हणतंय?” भाऊ म्हणाला. “कागदावरचं आहे ते. सुनेच्या नोकरीची बदली इकडे व्हायची, तर इथे राहत असल्याचा दाखला लागतो. नाव चढल्याशिवाय दाखला देत नाहीत. चारच जागा. मी कुणाचं काढू? माझं काढू?”

“मला विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू प्रश्न विचारले असतेस.”

भावजयीला हसू आलं आणि तिने ते दोऱ्याबरोबर दातात धरलं. बाईलाही क्षणभर हसू आलं असतं.

“हे बघ, तात्पुरतं आहे,” भाऊ पुढे म्हणाला. “हिची बदली झाली की ही दोघं दुसरी खोली बघतील. मग तुझं नाव परत.”

“तात्पुरतं असेल तर कागदावर ‘पर्मनंटली’ कसं?”

“तूच टाइप केलंयस ते!”

हे खरं होतं. खरं बोलणाऱ्याशी भांडता येत नाही, आणि तो खरं बोलून खोटेपणा करत असेल तर अजिबातच नाही. थोड्या वेळाने भाऊ विरघळला. लहानपणी आंघोळीला घाबरून तिच्या पाठीमागे लपायचा, तसा त्याचा चेहरा झाला. “बरं बाई. परवा येतो साहेबांसमोर. सांगतो, चूक झाली माझी. मग तर झालं? तुझ्यापुढे काय आहे मला?”

“नक्की?”

“आता काय लिहून देऊ?”

“नको,” ती म्हणाली. “तुझं लिहिलेलं बघितलंय मी.”

कोपऱ्यात सून ताटं मांडत होती. तिने चार मांडली, मग मोजून पाचवं मांडलं. कुणाकडे न बघता तिने फळीच्या मागून बाईचा कप काढला, धुतला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

मधला दिवस संशयात गेला. भाऊ सकाळी तिच्याशी जास्त गोड बोलला, हे तिला आवडलं नाही. भावजय अजिबात बोलली नाही, ते तर त्याहून नाही. नवरा-बायको दुपारी बाहेर गॅलरीत हळू बोलत उभी होती. ती दाराशी जाताच भावजय म्हणाली, “ऊन किती पडलंय नाही?” पडलं नव्हतं. बाईने आपल्या यंत्रावर हरकतीचा अर्ज टाइप केला. पुरावे म्हणून काय द्यावं याचा विचार केला, तेव्हा तिच्याकडे एकच होता: मी जाताना येते म्हणाले होते. तो शब्द इंग्रजीत कसा घालायचा हे शब्दकोशात सापडेना. ‘आय ॲम कमिंग’ लिहिलं तर साहेब विचारणार, कुठे? तिने ती ओळ खोडली. अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला, खोलीच्या किल्लीशेजारी.

तिसऱ्या दिवशी साडेचारला दोघं साहेबांसमोर बसली. मधे टेबल, टेबलावर नोंदवही उघडी. बाहेर बाकावर सून, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. भावजयीने तिला सोबत पाठवलं होतं, कशाला ते सांगितलं नव्हतं. बाईने तिला आत येताना पाहिलं होतं. सून उठून उभी राहिली होती, शाळेत उभं राहतात तशी.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, “अर्ज आणलाय ना? आधी यांना विचारतो, मग तुमचा घेतो. अर्ज आला नाही, तुम्ही काही बोलला नाहीत, तर नोंद आहे तशी पक्की होईल, बरं का. हं, तुम्ही बोला. ही सही तुमची?”

“हो साहेब,” भाऊ म्हणाला.

“मजकूर खरा आहे?”

बाईने त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. अंगठा लाकडाची निघालेली ढलपी दाबत होता, सोडत होता, दाबत होता. लहानपणी मार पडायच्या आधी तो असंच पाटीची कड दाबायचा.

“हो साहेब,” तो म्हणाला, आणि विचारलं नसताना पुढे जोडलं, “पर्मनंटली.”

किती पटकन म्हणाला. अडखळला नाही. तिचं यंत्रसुद्धा जिथे अडखळायचं तिथे तो सरळ निघून गेला.

“बाई?” साहेब म्हणाले.

अर्ज दिला तर तिचं नाव चढेल. त्याचं जाईल, भावजयीचं, पुतण्याचं जाईल, बाहेरच्या पोरीची पेन्सिल पुसली जाईल, आणि त्या खोलीत पहिल्या ओळीवर ती एकटी राहील, कप, चपला, अंथरूण सगळं जागच्या जागी. तिने पर्स उघडली. भावाचा अंगठा थांबला. साहेबांनी अर्जासाठी हात पुढे केला.

तिने किल्ली काढली. ती त्या हातात दिली नाही. टेबलावर, भावाच्या अंगठ्याशेजारी ठेवली, आवाज न करता.

“बाई, मी काय समजू?” साहेबांनी विचारलं. “सोडलीत का खोली? हो की नाही?”

ती उठली. पर्सचं बटण लावलं. खुर्ची होती तशी आत सरकवली. दाराशी पोचल्यावर ती, घरून निघताना ‘येते’ म्हणायला थांबायची तशी, उंबऱ्याच्या अलीकडे पळभर थांबली. मागे सव्वीस वर्षांच्या सवयीने भावाचं तोंड ‘ये’ म्हणायला उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

ती बाहेर पडली.